मदत हवी आहे : पाच इटालियन वाइन, क्रम कसा लावावा?

मुंबईत बारा जणांच्या टेस्टिंगसाठी बाटल्या ठरल्या आहेत: प्रोसेक्को एक्स्ट्रा ड्राय आणि फ्रान्चाकोर्ता ब्रूट (दोन्ही फसफसणाऱ्या), सोआवे क्लासिको (पांढरी), कियान्ती क्लासिको आणि 2019चा बारोलो (दोन्ही लाल). माणशी 50 मिली ओतली तर 750च्या बाटलीत 150 मिली उरते, म्हणजे कुणाला पुन्हा चाखायची असेल तर सोय आहे.

अडचण पहिल्या दोन बाटल्यांची आहे. नावात ‘ड्राय’ असलं तरी एक्स्ट्रा ड्रायमध्ये लिटरला 12 ते 17 ग्रॅम साखर असते, ब्रूटमध्ये 12पेक्षा कमी. गोडसर आधी दिली की मागची ब्रूट उगाच आंबट लागते. उलट क्रम लावावा, तर फ्रान्चाकोर्ता बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवलेली, किमान 18 महिने यीस्टच्या गाळावर राहिलेली. तिच्या भाजक्या पावासारख्या वासापुढे टाकीत फसफसलेला, पेअर-सफरचंदाच्या वासाचा प्रोसेक्को अगदीच पोरकट वाटतो. कुठली आधी द्यावी? की प्रोसेक्कोही ब्रूटच घ्यावा?

दुसरा प्रश्न बारोलोचा. तो ज्या द्राक्षाचा असतो त्या नेब्बिओलोचा फिका रंग बघून नवखे ‘हलकी दिसते’ म्हणतात आणि पहिल्याच घोटाला हिरड्या आवळतात. एवढ्या तरुण बारोलोला डिकँटरमध्ये (वाइनला हवा लागावी म्हणून ती ओतून ठेवायचं भांडं) एक तास पुरे की तीन? 17 अंशांवर द्यायचा विचार आहे, पण मे महिन्यात ग्लास भराभर तापतो आणि मग नुसतं अल्कोहोल नाकात जातं. 15 अंशांवरच ओतावा का?

खायला पार्मिजानो चीज आणि साधा पाव. तिखट काही नाही, त्याने टॅनिन (हिरड्या आवळणारा वाइनमधला तुरटपणा) आणखी बोचतं.