बंगालच्या उपसागरातलं वादळ विदर्भात येतं म्हणजे नेमकं काय येतं?

काळी_माती (आर्णी):
बंगालच्या उपसागरात कमी दाब झालाय, त्याचं चक्रीवादळ होणार म्हणतात. इकडे कापलेल्या सोयाबीनची सुडी (रास) वावरात उभी आहे, मळणीयंत्राचा नंबर चार दिवसांनी. कपाशीची सीतादही (वेचणीच्या सुरुवातीची पूजा) झाली, पहिला वेचा अर्धा बाकी. समुद्र इतका लांब असताना हे इथपर्यंत येतं कसं? 'तीव्र', 'अतितीव्र' ऐकून किती घाबरायचं? आणि पावसाळाभर कमी दाब होत असतात, मग वादळं दिवाळीच्याच सुमारास का?

वायुभार:
शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण वादळ कसं बनतं तेही त्यातच आहे. समुद्राचं पाणी साधारण २६.५ अंशांपेक्षा गरम हवं, तेही नुसतं वरवर नाही, ५० मीटर खोलीपर्यंत. वरच्या थरात गरम आणि खाली थंड असेल तर वादळच पाणी घुसळून गार करतं आणि स्वतःची चूल विझवतं. घाम वाळताना अंगाला गार लागतं, कारण वाफ उष्णता घेऊन जाते. समुद्राच्या वाफेचं ढगात परत पाणी होतं तेव्हा तीच उष्णता तिथे सुटते. हवा गरम होऊन वर जाते, खाली दाब उतरतो, चहूबाजूंनी आणखी दमट हवा आत येते. पृथ्वीच्या फिरण्यामुळे ही हवा सरळ न येता वळते, आपल्या गोलार्धात घड्याळाच्या उलट. विषुववृत्तापासून ५ अंशांच्या आत हे वळण फार कमी पडतं, म्हणून तिथे वादळं जवळपास होतच नाहीत.

एवढं सगळं पावसाळ्यातही असतं, पण तेव्हा खाली पश्चिमेचा वारा आणि वर १४-१५ किलोमीटरवर पूर्वेचा जोरदार झोत असतो. गरम हवेचा खांब उभा राहायच्या आधीच तिरपा होतो. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये गाडी बहुतेक डिप्रेशनवरच, म्हणजे चक्रीवादळाच्या खालच्या पायरीवरच, थांबते. एप्रिल ते जूनची सुरुवात आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ही ओढाताण कमी असते.

पैनगंगाकाठ (उमरखेड):
आता नावांचं. हवामान विभागाची वर्गवारी फक्त वाऱ्यावर आहे, तीन मिनिटांच्या सरासरीवर. ताशी ३१ किमीच्या आत कमी दाबाचं क्षेत्र, ३१ ते ४९ डिप्रेशन, ५० ते ६१ डीप डिप्रेशन. ६२ झाले की चक्रीवादळ, आणि नाव तेव्हाच मिळतं. ८९ पासून तीव्र, ११८ पासून अतितीव्र, १६७ पासून त्याच्याही वरचा वर्ग, २२२ च्या पुढे महाचक्रीवादळ. अमेरिकेत सरासरी एका मिनिटाची धरतात, म्हणून परदेशी संकेतस्थळावर त्याच वादळाचा आकडा मोठा दिसतो.

भाऊ, या शिडीत पावसाचा कुठेच उल्लेख नाही, आणि आपल्याकडे येतो तो पाऊसच. २९ ऑक्टोबर १९९९ चं ओडिशाचं महाचक्रीवादळ शिडीच्या टोकावरचं, पण ते तिथेच अडकून राहिलं आणि पुन्हा समुद्राकडे सरकलं. उलट 'गुलाब' नाव मिळण्यापुरतंच मोठं. २६ सप्टेंबर २०२१ च्या संध्याकाळी आंध्रात कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्याला लागलं, जमिनीवर ढेपाळत पश्चिमेला सरकलं आणि २८ ला यवतमाळ जिल्ह्यात आणि मराठवाड्यात पूर आला. पुढे अरबी समुद्राचं गरम पाणी मिळताच तेच अवशेष पुन्हा फुगले, नवं नाव पडलं 'शाहीन', आणि ओमानवर आदळले.

म्हणून नावापेक्षा मार्ग पाहा. कलिंगपट्टणम ते आर्णी पावणेसातशे किलोमीटरच्या आसपास. वादळाचं केंद्र ताशी १५-२० किमीने सरकलं तर किनाऱ्याला लागल्यापासून तुमच्याकडे ३५ ते ४५ तास उरतात. बातमीदार किनाऱ्यावर छत्री उलटी झालेली दाखवतात, तेव्हा इथे सुडी झाकायची वेळ असते.

बांधीवाला (लाखांदूर):
वरचं पटतं, पण वाऱ्याला सरसकट निकालात काढू नका. आमची झाडीपट्टी (पूर्व विदर्भाचा धानपट्टा) किनाऱ्याला जवळ. डीप डिप्रेशनच्या झोतातही पिकून जड झालेला धान आडवा होतो, आणि कापलेल्या धानाच्या कडपा बांधीत (खाचरात) पाण्याखाली गेल्या की लोंबीवरच कोंब फुटतात. पाऊस यायच्या आत कडपा उचलून उंच जागी पुंजणं (ढीग) लावा.

टिनाच्या छपराचाही हिशेब बघा. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे वेग दुप्पट तर दाब चौपट. ताशी ६२ किमीला चौरस मीटरवर १८ किलोच्या आसपास, ११८ ला ६५ च्या वर. म्हणजे ३ बाय ८ फुटांच्या पत्र्यावर ४० किलोचे १४५ होतात. पत्रा कडेने आणि कोपऱ्यातून उचलला जातो, म्हणून हुकबोल्ट तिथे दाट हवेत. वर दगड ठेवून भागत नाही, तेच दगड खाली येतात.

आणि पावसाळी डिप्रेशन छत्तीसगडमधून पश्चिमेला सरकतं तेव्हा सगळ्यात जोराचा पाऊस केंद्राच्या नैऋत्येला पडतो. केंद्र उत्तरेकडून जातंय म्हणून आपण सुटलो, असं समजू नका.

काळी_माती (आर्णी):
मोबाईलला रेंज नसली तर केंद्र कुठे आहे ते वावरातून कळतं का? आणि मे महिन्यात वावधान सुटतं, गारा पडतात, तेही चक्रीवादळच ना?

वायुभार:
नाही. ते एका गडगडाटी ढगाचं काम, पाऊण-एक तासाचं. चक्रीवादळाचा घेर शेकडो किलोमीटरचा.

वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा. केंद्र डाव्या हाताला, जरासं पुढे. वारा ईशान्येचा असेल तर केंद्र आग्नेयेला आहे. तो ईशान्येकडून पूर्वेला, मग आग्नेयेला फिरत गेला तर केंद्र तुमच्या दक्षिणेकडून जातंय. उत्तर, वायव्य, पश्चिम असा फिरला तर उत्तरेकडून. गडगडाटी ढग डोक्यावर असेल तर हा हिशेब चुकतो.

पैनगंगाकाठ (उमरखेड):
आता कामाचं. १०० मिमी पाऊस म्हणजे एकरावर चार लाख लिटर पाणी, आणि भारी काळी ते लवकर पीत नाही. सुडी खोलगट भागात असेल तर आजच हलवा. शेंगा आत, बुडखे बाहेर अशी गोल रचा, भोवती अर्धा फूट चर, त्याला उताराकडे तोंड. ताडपत्री जमिनीला टेकवून दाबली की चरातलं पाणी तिच्याखालून आत शिरतं. कड चराच्या बाहेर सोडा. आणि पाऊस थांबल्याबरोबर ती काढा. इथेच जास्त नुकसान होतं: उघडीप पडते, ऊन तापतं, ताडपत्रीखाली वाफ धरते, दाणा काळा पडतो नाहीतर शेंगेतच मोड येतात. बियाण्याचं सोयाबीन असेल तर मळताना ड्रमचे फेरे मिनिटाला ४०० च्या वर नको.

कपाशीत फुटलेली बोंडं आधी वेचा. भिजलेला कापूस पिवळा पडतो, तो कोरड्या ढिगात मिसळू नका. १२ टक्क्यांच्या वर ओलावा निघाला तर सीसीआयच्या (भारतीय कपास निगमच्या) खरेदी केंद्रावरून गाडी परत येते.

पाऊस पडल्यावर मंडळातल्या पर्जन्यमापकाचा आकडा विचारून ठेवा. अतिवृष्टी महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिमीवर ठरते, तुमच्या बांधावर किती पडला यावर नाही. पंचनाम्यात नुकसान ३३ टक्क्यांच्या खाली लिहिलं तर मदतीतून नाव जातं, तेव्हा तलाठी येईपर्यंत पाण्यातल्या सुडीचे फोटो काढून ठेवा.