दीडशे नानकटाया, ओव्हन एवढुस्सा!

दिवाळीला बिल्डिंगमधल्या चोवीस घरांना घरची नानकटाई द्यायची, असं मी गणपतीतच बोलून बसले. आता माघार कशी घेणार? ओटीजीत, म्हणजे घरच्या छोट्या ओव्हनमध्ये, एका वेळी बाराच बसतात. काल अर्धा किलो मैदा, ३०० ग्रॅम तूप, ३०० ग्रॅम पिठीसाखर घेऊन करून पाहिलं. पहिला घाणा देखणा, वर छान तडे. तिसरा मात्र पसरून पापड! पीठ तेच, मग बिघडलं कुठे?

खमंग: ट्रे गरमच होता ना? गोळे ठेवल्या ठेवल्या तूप सुटतं, मग आकार धरणार कसा? दोन ट्रे आलटून पालटून वापर, आणि थापलेले गोळे पंधरा मिनिटं फ्रीजमध्ये ठेव. तूप रवाळ, थिजलेलंच घे. पातळ केलेलं नको.

कोल्हापूरची सून: अगं, एवढा खटाटोप कशाला? आमच्या सासूबाई मैदा, तूप, साखर डब्यांत भरून बेकरीत न्यायच्या. पाव निघाले की भट्टीवाला किलोमागे मजुरी घेऊन भाजून द्यायचा. घरातली पोरं बाकावर बसून राखण करायची, आपलं तूप दुसऱ्याच्या पिठात जाऊ नये म्हणून!

खमंग: आणि पुरत्या गार झाल्याशिवाय डब्यात भरू नकोस, मऊ पडतील.

ट्रे गरमच होता, कबूल! बेकरीवाल्याला विचारून आले. 'दिवाळीच्या आधल्या आठवड्यात नको, बाई,' म्हणाला. म्हणजे उद्यापासून रोज चार घाणे. पापड घरात संपले, नवऱ्याला तेच जास्त आवडले.