तुइची नदीवर हरवलेले चौघे: पुस्तक वाचलंय का कुणी?

मुक्ता_नाशिक
योसी गिन्सबर्गच्या १९८१ च्या अनुभवावरचा 'जंगल' (२०१७) काल पाहिला. चार जण बोलिव्हियातल्या अ‍ॅमेझॉनच्या जंगलात शिरतात, वाटेत त्यांची ताटातूट होते आणि योसी तीन आठवडे एकटा काढतो. मूळ आठवणींचं पुस्तक कुणी वाचलंय का? सिनेमात मीठमसाला किती आहे? दुसरं म्हणजे, वाट चुकली की पाण्याच्या कडेने खाली जायचं, असं आम्हाला शिबिरात शिकवायचे. मग हा बाबा नदीकाठीच असून इतका कसा अडकला? लेक पावसाळ्यात मित्रांबरोबर घाटात जायचं म्हणतोय, म्हणून विचारतेय.

पुस्तककिडा
पुस्तक वाचलंय, इंग्रजीत. जॅग्वारसमोर डास पळवायचा स्प्रे लायटरने पेटवला, ते पुस्तकातलंच. दुखऱ्या पायांचा विसर पडावा म्हणून अंगावर मुद्दाम मुंग्या घेतल्या, तेही. चित्रीकरण मात्र कोलंबिया आणि ऑस्ट्रेलियातलं आहे. सिनेमापेक्षा पुस्तक शंभर पटीने बरं.

ढोरवाट
मुक्ताताई, आधी तुमचा दुसरा प्रश्न घेतो, तो माझ्या रोजच्या कामातला आहे. घाटमाथ्यावरच्या एका गावात राहतो. कुणी हरवलं की दोर घेऊन निघणाऱ्या पोरांत मी असतो.

पाणी धरून खाली जा, हा सल्ला सपाटीवर ठीक. आमच्याकडे ओढा धरून निघालात की तो तुम्हाला छान गोडीगुलाबीने नेतो. पहिला कातळटप्पा बसून घसरत उतरता येतो, दुसरा उडी मारून. तिसऱ्याच्या पुढे ओढा थेट कोकणात कोसळतो. मागचे दोन टप्पे शेवाळलेले, परत चढता येत नाहीत. आम्हाला माणसं सापडतात ती बहुधा तिथेच, मधल्या कातळाच्या फळीवर बसलेली. खाली गावातले दिवे दिसत असतात, आणि फोनची बॅटरी फोटो काढण्यात संपलेली.

तुइचीचंही तेच. ती पुढे बेनी नदीला मिळते, बेनीवर रुरेनाबाके हे गाव आहे, म्हणजे नकाशावर हिशेब सोपा. पण मध्ये सान पेद्रोची घळई आहे. दोन्ही बाजूंना उभे कडे आणि मधे फेसाळतं पाणी. योसी आणि चौघांतलाच केव्हिन गेल तराफ्यावरून निघाले होते, तो तराफा घळईच्या अलीकडेच खडकावर अडकला. केव्हिन पोहून काठाला लागला आणि योसी तराफ्यासकट खाली वाहत गेला. काठाने चालायचं तर काठ असा नाहीच, दर थोड्या अंतरावर कडा आडवा. त्यात तिकडचा पावसाळा सुरू झालेला. नदी रात्रीतून चढते आणि झोपायची जागाच पाण्याखाली जाते. आता कुठल्या काठाने जाल?

आणि पाय! भातलावणीत आमच्या बायाबापड्यांच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, त्याने दोन दिवस चालवत नाही. योसीच्या तळपायांची सालं निघाली होती. दिवसरात्र ओले मोजे असले की कातडीच सुटते. मार्कुस श्टाम हा स्विस मुलगा याच दुखण्याने मागे पडत होता आणि तिथूनच चौघांत बिनसलं. जॅग्वारचं पान लोकांना आठवतं. मला विचाराल तर पुस्तकातलं सगळ्यात वाईट पान ते, जिथे दोघे तराफ्यावर बसतात आणि मार्कुस त्या कार्लबरोबर पायी निघतो. कार्ल रुप्रेश्टर हा ऑस्ट्रियन. सोनं दाखवतो, आडरानातलं आदिवासी गाव दाखवतो म्हणून त्यानेच सगळ्यांना आणलेलं. ते दोघे पुन्हा कुणालाही दिसले नाहीत. घाटातही हेच बघतो. दमलेल्या पोराला सांगतात, "तू ये हळूहळू, आम्ही वर थांबतो." मग तो एकटा चुकीच्या नाळेत, म्हणजे अरुंद घळीत, शिरतो.

लेकाला एवढंच सांगा, की सगळ्यात हळू चालणारा पुढे ठेवा आणि वाट गेली असं वाटलं की आहात तिथेच बसा. वाटाड्या घ्या. पैसे वाचवायची ती जागा नव्हे.

विदुला_ठाणे
बसून राहा हे पटतं, पण यूलियाने क्योप्केचं काय? १९७१ ची नाताळची पूर्वसंध्या, पेरूत विमान आकाशातच फुटलं, सतरा वर्षांची ही एकटी वाचली. ओढा धरून चालत गेली आणि दहाअकरा दिवसांनी लाकूडतोड्यांच्या झोपडीशी पोहोचली. बसून राहिली असती तर मेली असती.

ढोरवाट
विदुलाताई, बरोबर. पण तिचे आईवडील प्राणिशास्त्रज्ञ, ती त्याच रानातल्या संशोधन केंद्रावर राहिलेली. ओढा नदीला आणि नदी माणसांना नेते हे तिला वडिलांनी शिकवलेलं आणि तिच्या वाटेत सान पेद्रोसारखी घळई नव्हती. शिवाय ती कुठे पडली हे वर कुणालाच माहीत नव्हतं. योसी कुठल्या पट्ट्यात वाहून गेला हे केव्हिनला माहीत होतं. केव्हिन स्वतः पाच दिवसांनी स्थानिकांना सापडला होता, तरी तो घरी गेला नाही. तुइचीचं पाणी ओळखणारे नावाडी गाठून, होडी घेऊन उलटा वर गेला. पोस्टरवर योसी असतो, माझ्या लेखी हिरो केव्हिन.

मुक्ता_नाशिक
धन्यवाद ढोरवाट. लेकाला वाचून दाखवलं, तर म्हणतो "वाटाड्याचे पैसे तू देणार का?" देते म्हटलं. त्या नावाड्यांच्या गावाचं पुढे काय झालं?

पुस्तककिडा
त्या भागातल्या गावाचं नाव सान होसे दे उचुपियामोनास. योसी पुढे परत तिकडे गेला आणि चालालान नावाचा निवारा उभारायला त्याने मदत केली. तो गावकरीच चालवतात. भोवतीचं जंगल १९९५ पासून मादिदी राष्ट्रीय उद्यान आहे. रुरेनाबाकेहून होडीने काही तासांत पोहोचता येतं, तेही त्याच तुइचीवरून.

ढोरवाट
ताई, कुठल्या घाटात जाताय ते कळवा. त्या बाजूला ओळखीचा वाटाड्या असेल तर नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. आणि मोज्यांचा जादा जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून द्या.