‘माइंडफुलनेस’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : वार्धक्यातील नैराश्य आणि त्यावरील ‘माइंडफुलनेस’वर (आत्ता जे घडते आहे त्याकडे, बरेवाईट न ठरविता, लक्ष असू देणे यावर) आधारलेली उपचारपद्धती या विषयावर ज्येष्ठ नागरिक संघासाठी मराठी माहितीपत्रक तयार करावयाचे आहे. स्मृती, सावधानता, अवधान, सजगता यांपैकी कोणता शब्द घ्यावा? ‘डिप्रेशन’ला उदासीनता म्हटलेले चालेल का?

उत्तर : व्युत्पत्ती पाहिली, तर ‘स्मृती’ सर्वांत जवळचा आहे; पाली ‘सति’ म्हणजेच संस्कृत ‘स्मृती’, आणि पालीचे ब्रिटिश अभ्यासक ऱ्हिस डेव्हिड्स यांनी १८८१ मध्ये इंग्रजीत ‘माइंडफुलनेस’ योजला तो या ‘सति’साठीच. तरीही तो येथे टाळावा. उतारवयातील नैराश्यात विसराळूपणाची तक्रार पुष्कळदा असते, त्यामुळे वाचकाला हा स्मरणशक्तीवरचा इलाज वाटेल. ‘सावधान’ मंगलाष्टकांपासून कवायतीपर्यंत सगळीकडे ऐकू येतो, पण त्याने अंग ताठ होते. येथे हवे आहे ते नेमके उलट. ‘अवधान’ श्रोत्याने वक्त्याला द्यावयाचे असते. ज्ञानदेवांनी नवव्या अध्यायाच्या आरंभी ‘अवधान एकलें दीजे’ म्हणून तेच मागितले आहे, शिवाय मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांनी तो शब्द निराळ्या संज्ञेसाठी आधीच घेतला आहे.

शीर्षकात ‘सजगता’ ठेवावी, कारण ती आता रुळली आहे. मजकुरात मात्र ‘भान’ वापरावे. ‘श्वासाप्रति सजग राहा’ हे वाक्य कोणत्याही आजोबांच्या कानाला परके वाटेल. ‘श्वास आत येतो आहे, याचे भान असू द्या, मन भरकटले, तर तेही ध्यानात येऊ द्या’ हे त्यांना समजावून सांगावे लागणार नाही.

‘उदासीनता’ नको. गीतेत ‘उदासीनवत्’ हे गुणातीताचे लक्षण आहे, दुखण्याचे नव्हे. ‘नैराश्य’ योग्य, परंतु पहिल्याच ओळीत ‘करमत नाही’, ‘अन्न गोड लागत नाही’, ‘पहाटेच जाग येते’ ही घरातली भाषा यावी, कारण या वयातील माणसे मनाचे दुखणे बहुधा शरीराच्या तक्रारींतून सांगतात.

या पद्धतीचा गाभा ‘रुमिनेशन’ या ज्या शब्दाभोवती फिरतो, त्याला पुस्तकी मराठीत ‘रवंथ’ म्हणतात, बोलण्यात ‘तेच तेच उगाळणे’. दुसरा शब्दप्रयोग निःसंशय सरस आहे. आठ आठवड्यांच्या गटवर्गात हे उगाळणे बळाने थांबवीत नाहीत, तर विचाराकडे विचार म्हणून पाहण्यास शिकवितात, आणि येथे मराठीचा ‘असा’ फार उपयोगी पडतो. ‘माझा आता कोणाला उपयोग नाही’ हा निकाल झाला. ‘माझा आता कोणाला उपयोग नाही, असा विचार आत्ता मनात आला आहे’ ही नोंद झाली. पत्रकात ही दोन वाक्ये एकाखाली एक छापावीत, व्याख्येची गरज उरणार नाही.

आक्षेप : ‘भान’ शब्दात दटावणी नाही का? ‘जरा भान ठेव’ हे आपण रागावूनच म्हणतो. त्यापेक्षा सर्वपरिचित ‘विपश्यना’ का नको?

उत्तर : दटावणी ‘ठेव’मध्ये आहे, म्हणूनच वर ‘असू द्या’ लिहिले. ‘विपश्यना’ म्हटले की महाराष्ट्रात इगतपुरीचे दहा दिवसांचे मौन शिबिर डोळ्यांपुढे येते. दोहोंचे मूळ एक असले, तरी ही उपचारपद्धती सेगल, विल्यम्स आणि टीसडेल या मानसशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात मुख्यतः नैराश्य पुन्हा उलटू नये यासाठी आखली, आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या मोठ्या चाचणीत तिचा लाभ दिसला तो तीन किंवा अधिक वेळा नैराश्य येऊन गेलेल्यांना. तेव्हा ‘नैराश्य बरे करणारी’ असे सरसकट लिहू नये, ‘पुन्हा उद्भवू नये म्हणून’ हे शब्द ठळकपणे यावेत. गुडघे धरलेल्यांसाठी ‘मांडी घालून’ऐवजी ‘खुर्चीत टेकून’ लिहावे. औषधांविषयीच्या वाक्यात ‘ऐवजी’ हा शब्द येऊ देऊ नये. ‘डॉक्टरांच्या सल्ल्याने, औषधांच्या जोडीने’ असे लिहावे, नाहीतर कोणीतरी गोळ्या परस्पर बंद करील.