पाळीच्या आठवडाभर आधीचा त्रास, मेडिकलमधून काय घेता येईल?

ऐरोली_लोकल: मैत्रिणींनो, पाळीच्या सात-आठ दिवस आधीपासून माझी छाती जड होते, पोट फुगतं, डोकं ठणकतं आणि चिडचिड तर विचारूच नका. परवा ट्रान्सहार्बर लोकलला गर्दीत कुणाची तरी पर्स खांद्याला लागली आणि मला एकदम रडूच फुटलं, दिघा स्टेशन येईपर्यंत दाराकडे तोंड करून उभी होते. पाळी आली की दोन दिवसांत सगळं शांत. आई म्हणते सगळ्यांनाच होतं, सहन कर. मेडिकलवाल्याने मेफ्टाल दिली, ती आठही दिवस घेतली तर चालेल का? दुसरं काही असेल तर सांगा ना.

नाचणीची_भाकरी: अगं आठ दिवस नको! मी घणसोलीत मेडिकलमध्ये काम करते, डी.फार्म आहे, रोज दोन-तीन मुली हेच विचारतात. मेफ्टालमधलं मेफेनॅमिक अॅसिड पोटदुखीला चांगलं, पण ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध आहे, आणि 2023 च्या शेवटी इंडियन फार्माकोपिया कमिशन या सरकारी संस्थेने त्याच्या एका क्वचित पण गंभीर रिअॅक्शनबद्दल सावध केलं होतं. गोळी चालू केल्यावर काही आठवड्यांनीही ताप, अंगावर पुरळ, गाठी सुजणं असं दिसलं तर बंद करून लगेच डॉक्टरकडे जायचं. डोकं नाहीतर छाती दुखेल त्या दिवशी पॅरासिटामॉल, नाहीतर आयबुप्रोफेन 200 किंवा 400, तेही जेवणानंतरच. अल्सर, किडनीचा त्रास, दमा असेल किंवा दिवस राहिल्याची शक्यता असेल तर आयबुप्रोफेन मनाने घेऊ नकोस. आणि कॉम्बिफ्लॅममध्ये पॅरासिटामॉल असतंच, वर क्रोसिन घेतलीस तर डबल होतं, हे खूप जणींच्या लक्षातच येत नाही.

कोपरखैरणे_सेक्टर: मला कॅल्शियमने फरक पडला. अमेरिकेत 1998 च्या एका मोठ्या अभ्यासात रोज 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम दिलं होतं, तिसऱ्या पाळीपर्यंत त्रास बराच कमी झाला, म्हणजे चार दिवस घेऊन सोडून द्यायची गोष्ट नाही ही. मी डॉक्टरांना विचारून 500 ची एक गोळी दुपारी जेवताना घेते, बाकी दूध, दही, नाचणी यातून. लोहाची गोळी चालू असेल तर दोन्ही एकदम नको, मध्ये दोन तास जाऊ दे. मुतखडा झालेला असेल तर आधी विचारच. बी6 जीवनसत्त्व पण काहींना लागू पडतं, पण जास्त डोस महिनोन्‌महिने घेतला तर हातापायांना मुंग्या येतात, नसांना इजा होते, म्हणून ते स्वतःच्या मनाने वाढवायचं नाही.

दोन_लेकींची_आई: बाळा, तुझ्या आईचं मन दुखवू नकोस, पण सहनच करायला हवं असं नाही गं. कॅलेंडरवर रोज लिही, कुठल्या दिवशी रडू आलं, कुठल्या दिवशी पोट फुगलं, दोन-तीन महिने. माझ्या धाकटीचं असं लिहिलेलं बघूनच ठाण्याच्या गायनॅकला कळलं की हे साधं पीएमएस, म्हणजे पाळीआधीचा नेहमीचा त्रास नाही, पीएमडीडी आहे, म्हणजे त्याचंच मनाला खूप त्रास देणारं तीव्र रूप. त्याला मेडिकलवरून गोळी नसते, डॉक्टरच औषध देतात, आणि तिला खरंच बरं वाटलं. जगणं नकोसं वाटण्याइतकं होत असेल तर पाळी यायची वाट बघत बसू नकोस, त्याच दिवशी घरात सांग, टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन कर.

ऐरोली_लोकल: तितकं नाही होत काकू, पण लिहायला आजपासूनच घेते, पाळी येऊन आज अठरावा दिवस आहे. मेफ्टाल ठेवून दिली. उद्या आईलाच सोबत घेऊन गायनॅकची वेळ घेते.