स्नोफ्लेक: हिमकण, हिमफूल की हळवा?

मोर्शीचे गुरुजी: भित्तिपत्रकासाठी एका इंग्रजी लेखाचा अनुवाद करतोय. त्यात तरुणांना ‘स्नोफ्लेक’ म्हटलंय, जरा बोललं की दुखावणारे या अर्थानं. कोशात ‘हिमकण’ आहे. पण ‘ही पिढी हिमकण आहे’ लिहिलं तर आमच्या पोरांना कळणार नाही. त्यांनी आभाळातून पडताना पाहिली ती गार, संत्र्याचा आंबिया बहार झोडपणारी. तिला नाजूक कोण म्हणेल?

वरुडकर: ‘हळवा’ लिहा ना जी.

साकोलीची वाचक: हळवा कशाला? हळवा माणूस दुसऱ्याच्या दुःखानंही गलबलतो, तो गुण आहे. स्नोफ्लेक म्हणून हिणवतात. 2016 मध्ये कॉलिन्स कोशानं ‘स्नोफ्लेक जनरेशन’ वर्षाच्या शब्दांच्या यादीत घेतला, तोही याच अर्थानं. आणि कोकणात हळवं म्हणजे लवकर निघणारा भात. आमच्याकडे त्याला हलकं धान म्हणतात.

अमरावतीकर: माझी तक्रार ‘हिमकण’वरच आहे. कण म्हटलं की आकार गेला. बर्फात पाण्याचे रेणू षटकोनी रचनेत बसतात, म्हणून या स्फटिकाला सहा बाजू. 1611 मध्ये खगोलशास्त्रज्ञ केप्लरनं ‘सहाच का?’ यावर पुस्तिका लिहिली, 1885 मध्ये अमेरिकेतल्या बेंटलीनं सूक्ष्मदर्शकातून या स्फटिकाचा फोटो काढला. एवढं देखणं रूप आणि आपण कण म्हणायचं? हिमफूल म्हणा.

वरुडकर: पुस्तकी शब्द पाडून काय होते? ट्रॅक्टर, मोटार चालते, तसा स्नोफ्लेकही चालू द्या.

अमरावतीकर: मग उद्या गारेलाही इंग्रजी नाव द्याल. शब्द घडवला नाही तर तो रुळणार कसा?

चिखलदऱ्याजवळचा: आमच्याकडे कडाक्याच्या थंडीत गवतावरचं दहिवर कधीकधी गोठते. पांढरंफेक दिसते. मले वाटते, दह्यासारखं दिसते म्हणूनच ते दहिवर.

साकोलीची वाचक: नाही हो, दहिवर म्हणजे साधं दव. ते पारदर्शक असतं, त्यात दही कुठून आलं?

गुरुजी: पण माझं वाक्य?

चिखलदऱ्याजवळचा: माही आजी रात्री हरभऱ्यावर धोतर पसरे अन् पहाटे पिळून आंब, म्हणजे हरभऱ्याचं आंबट पाणी, काढे. पोट दुखलं की तेच देत. ती म्हणे, दहिवर पडल्याबिगर आंब निघत नाही. अन् ‘दव’ हा शब्द तिच्या तोंडी कधी आलाच नाही.

वरुडकर: आमच्याकडे तर दवच म्हणतात जी. आंब मात्र तशीच काढतात, पण पातळ मलमलीवर. धोतर जाड पडते.