वनक्षेत्र, वनाच्छादन, वृक्षाच्छादन: कुठे काय?

प्रश्न: उपग्रहांद्वारे जंगलांवर कशी नजर ठेवतात, यावरचा एक मजकूर मराठीत आणते आहे. वरचे तिन्ही शब्द सगळीकडे सर्रास एकाच अर्थाने वापरलेले दिसतात. चालेल का? आणि ‘भूआच्छादन’ (जमिनीवर काय आहे), ‘भूवापर’ (जमीन कशासाठी वापरतात) हे वेगळे ठेवायलाच हवेत का?

— नाही चालणार. वनक्षेत्र म्हणजे सरकारदप्तरी वन म्हणून नोंदलेली जमीन. तिथे एक झाड नसलं तरी ती वनक्षेत्रच. वनाच्छादन म्हणजे वरून दिसतं ते. भारतीय वन सर्वेक्षण 1 हेक्टर किंवा त्याहून मोठ्या तुकड्यावर झाडांच्या छत्राने किमान 10 टक्के जमीन झाकलेली असेल, तर ते वनाच्छादनात धरतं. मालक कोण, झाडं कुठली, हे बघत नाहीत. आमराईसुद्धा त्यात येते. वृक्षाच्छादन म्हणजे नोंदलेल्या वनक्षेत्राबाहेरचे याहून लहान तुकडे आणि सुटी झाडं. तेव्हा हे तीन वेगळे आकडे आहेत.

— भूवापराचा मुद्दा जास्त महत्त्वाचा. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची वनाची व्याख्या वापरावर बेतलेली आहे: फळबागा आणि तेलमाडाची (पामतेल देणाऱ्या झाडाची) लागवड त्यात येत नाही, पण तोडून पुन्हा रोपं लावायची जमीन काही काळ उघडी पडली तरी वनच राहते. आता अशी ताजी तोड लँडसॅट या उपग्रहाच्या चित्रात बघा. एक पिक्सेल, म्हणजे चित्रातला सर्वांत लहान चौकोन, 30 मीटर बाय 30 मीटर, म्हणजे जवळपास नऊ गुंठे. हिरवं पान लाल प्रकाश शोषून घेतं आणि निकट अवरक्त (लालच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश) जोरात परत फेकतं. झाडं गेली की ही तफावत कोसळते. लावलेली रोपं वीतभर असतील, तर त्या नऊ गुंठ्यांत ती कुठे दिसणार? म्हणजे आच्छादन गेलं, भूवापर मात्र तोच. उलट जंगल जाऊन तिथे तेलमाड उभा राहिला, तर काही वर्षांनी पुन्हा हिरवं दिसतं, पण वापर बदललेला असतो. उपग्रहाला आच्छादन दिसतं. वापर माणसाने ठरवायचा असतो.

— म्हणूनच पहिल्या प्रकाराला मी ‘जंगलतोड’ म्हणेन आणि दुसऱ्याला ‘निर्वनीकरण’. शब्द बोजड आहे, मान्य, पण जमिनीचं वनपण संपलं हे त्यात येतं. झाडं विरळ होत गेली, पण वन टिकून आहे, तिथे ‘वनऱ्हास’.

— आणि प्रत्येक घट म्हणजे तोड नव्हे. सागाचं रान उन्हाळ्यात निष्पर्ण होतं, तेव्हा तिथेही तीच तफावत घसरते. म्हणून दोन वर्षांची चित्रं ताडताना ऋतू एकच घ्यावा लागतो. तुमच्या मजकुरात कारण दिलेलं नसेल तिथे ‘तोड’ नकोच, ‘वनाच्छादनातील घट’ लिहा.

— ‘उपग्रह छायाचित्र’ लिहिलं असेल तर तेही बदला. सेंटिनेल-1 हा उपग्रह रडारने टिपतो, ढगांआडूनही, रात्रीसुद्धा. त्याला छायाचित्र कसं म्हणणार? ‘प्रतिमा’ बरं.

— आभार. मूळ लेखात तेलमाडाच्या लागवडी वगळून आकडे दिले आहेत, म्हणजे तिथे ‘निर्वनीकरण’ बसेल. नकाशांखाली ‘वनाच्छादनातील घट’ करते.